विराजपेटची 14 एकर रोबस्टा: माल विकावा, धरावा की थेट निर्यात करावा?

प्रश्न असा आहे. पुण्यातल्या एका गृहस्थांच्या सासऱ्यांची कोडगूमध्ये (कूर्ग), विराजपेटजवळ 14 एकर रोबस्टा कॉफी आहे. वर्षाला अडीचशेच्या आसपास बॅग सुकी चेरी (वाळवलेलं फळ) निघते. 2025 च्या फेब्रुवारीत भाव शिखरावर असताना त्यांनी माल धरून ठेवला आणि जुलैत बराच खाली विकला. यंदाची तोडणी संपत आली आहे. लंडनच्या वायदेबाजारातला भाव पेपरात एक दिसतो, गावातला एजंट वेगळाच सांगतो. एजंट लुबाडतो आहे का? माल आता विकावा की थांबावं? आणि पुण्यात बसून आपणच इटलीला निर्यात का करू नये?

मी मूळची बेळगावची. 1998 साली चिकमगळूरच्या एका क्युरिंग वर्क्समध्ये (चेरी सोलून बियांची प्रतवारी करणारा कारखाना) नमुने तपासायच्या टेबलावर लागले, पुढे हासन, आणि गेली 14 वर्षं मंगळुरूला निर्यातीच्या कामात आहे. म्हणजे मी एजंटच्या पलीकडच्या बाजूला बसते. ते लक्षात ठेवूनच पुढचं वाचा.

एजंटपासून सुरुवात करते, कारण तुमच्या तिन्ही प्रश्नांचं मूळ तिथेच आहे.

लंडनचा भाव असतो स्वच्छ बियांचा, एका टनाचा, डॉलरमधला. तुमच्या सासऱ्यांकडे आहे सालासकट वाळवलेलं फळ, 50 किलोच्या बॅगेत, रुपयांत. या दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे उतारा. उसाच्या पट्ट्यातल्या माणसाला हा शब्द समजावून सांगायला नको. तिकडे त्याला आउटटर्न किंवा नुसतं ओटी म्हणतात. 50 किलो सुक्या चेरीचं सालपट काढल्यावर किती किलो बी हाती येतं तो आकडा. चांगल्या बागेत 28 पर्यंत जातो, 26 सर्वसाधारण, आणि कच्ची फळं ओरबाडून तोडली असतील तर 24 च्या खालीही येतो.

हिशोब करून पाहू. आजचा भाव देत नाही, तुम्ही वाचेपर्यंत तो शिळा होईल. समजा लंडन 4,000 डॉलर आणि डॉलर 90 रुपये. म्हणजे टनाला 3,60,000, किलोला 360 रुपये. उतारा 26 असेल तर बॅगेचे 9,360. उतारा 28 असेल तर 10,080. म्हणजे बॅगेमागे 720 रुपयांचा फरक, आणि अडीचशे बॅगांवर 1,80,000 रुपये. हा फरक व्हिएतनामच्या पावसावर अवलंबून नाही, न्यूयॉर्कच्या सट्टेबाजांवर नाही. तो तुमच्या खळ्यावर ठरतो.

या कच्च्या आकड्यातून एजंटचं कमिशन, क्युरिंगचा खर्च, बंदरापर्यंतची वाहतूक, घट आणि व्याज वजा होतं. शिवाय निघालेलं सगळंच बी एबी ग्रेडचं, म्हणजे मोठं, नसतं. पीबी (फळातलं एकेरी गोल बी) निघतं, सी (बारीक बी) निघतं, आणि काळ्या, तपकिरी, फुटक्या बियांचा बीबीबी निघतो, तो फार स्वस्तात जातो. उलट बाजूने, भारतीय रोबस्टाला लंडनच्या भावावर सहसा काही डॉलर जास्त मिळतात. सावलीत वाढलेली, हाताने तोडलेली म्हणून इटलीचे रोस्टर, म्हणजे कॉफी भाजणारे, एस्प्रेसोच्या मिश्रणात ती आवर्जून घालतात. कपावर जो दाट फेस येतो त्यात तिचा वाटा मोठा. ही अधिक-उणे धरून गावातला भाव त्या कच्च्या आकड्याच्या आसपासच घोटाळतो. पाच-सात टक्के खाली असेल तर तो धंदा आहे, त्यावरून एजंटशी भांडू नका. पंधरा टक्के खाली असेल तर दुसऱ्या दोन एजंटांना आणि एका क्युरिंग वर्क्सला फोन करायलाच हवा.

खरी लूट झालीच तर ती भावात क्वचित होते. ती होते उताऱ्यात आणि ओलाव्यात. एजंट बॅगेतून मूठभर चेरी घेतो, तोंडाने म्हणतो “पंचवीस येईल”, आणि सासरे मान डोलावतात. असं होऊ देऊ नका. प्रत्येक लॉटमधून, वरच्या-खालच्या-मधल्या बॅगांतून मिळून किलोभर नमुना काढा, समोर सोलायला लावा, समोर तोला. ओलावा मीटरवर 11 टक्क्यांच्या आसपास हवा. मीटर घरचा घ्या. अडीचशे बॅगांच्या धन्याला तो परवडतो. एजंटांना माझा हा सल्ला आवडणार नाही. पण ज्या एजंटबरोबर मी वर्षानुवर्षं काम केलं त्यातले चांगले एजंट स्वतःच समोर तोलून दाखवतात.

आता उतारा वाढवायचा कसा, हे थोडं सविस्तर सांगते, कारण पुण्याहून जाणाऱ्या जावयाचं लक्ष लंडनच्या स्क्रीनवर असतं आणि खळ्याकडे नसतं. रोबस्टा एकाच वेळी पिकत नाही. मजूर कमी, म्हणून बहुतेक जण फांदी एकाच खेपेत ओरबाडतात. त्यात हिरवी फळंही येतात. हिरव्या फळाचं बी हलकं आणि आकसलेलं असतं. तोडणी दोन खेपांत केली, पहिल्या खेपेला पिकलेलीच घेतली, तर मजुरी वाढते, पण उतारा आणि एबीचं प्रमाण दोन्ही चढतं. मग पाण्यात टाकून तरंगणारी फळं वेगळी काढा. तिकडे त्यांना जोल्लू म्हणतात. ती वेगळी वाळवा, वेगळी विका. चांगल्या मालात मिसळली तर अख्ख्या लॉटचा भाव तीच ठरवतात. खळं (कन्नडमध्ये कण) सिमेंटचं हवं, थर पातळ हवा, दिवसातून अनेकदा फिरवायला हवं, आणि संध्याकाळी रास करून ताडपत्रीखाली. जानेवारी-फेब्रुवारीत अवेळी पाऊस आता नवलाचा राहिलेला नाही. अर्धवट वाळलेल्या फळावर एक रात्र पाऊस पडला की बुरशीचा वास बियात उतरतो, आणि कपिंगच्या, म्हणजे चव तपासायच्या, टेबलावर मला तो पहिल्या घोटातच कळतो. मग तो लॉट इटलीला जात नाही.

आता दुसरा प्रश्न, विकावं की थांबावं. त्यासाठी हा भाव कुठून आला ते समजून घ्यावं लागेल, आणि त्यासाठी तुमच्या सासऱ्यांच्या तरुणपणात जावं लागेल.

1942 च्या कॉफी कायद्याखाली बागायतदाराला आपला माल विकताच येत नसे. सगळा माल कॉफी बोर्डाच्या पूलमध्ये, म्हणजे एकत्रित साठ्यात, जायचा, बोर्ड लिलाव करायचं आणि पैसे हप्त्याहप्त्याने, पुष्कळदा उशिरा मिळायचे. भाव कमी असला तरी ठरलेला असायचा आणि ग्राहक शोधायची चिंता नसायची. 1989 च्या जुलैत आंतरराष्ट्रीय कॉफी करारातली निर्यात कोट्याची पद्धत कोसळली, 1991 मध्ये आपला हुकमी ग्राहक असलेला सोव्हिएत संघ संपला. 1992 पासून बागायतदाराला मालाचा काही हिस्सा बाहेर विकायची मुभा मिळाली, आणि 1996 पर्यंत सगळाच माल खुला झाला. मधल्या काळात, 1994 च्या हिवाळ्यात ब्राझीलमध्ये हिमकडाका पडला आणि भाव उसळले. नव्या स्वातंत्र्याची पहिलीच चव अशी गोड लागल्यामुळे त्या पिढीच्या मनात एक समज बसला: माल धरला की भाव येतो. तुमच्या सासऱ्यांनी माल धरला तो हट्टाने नव्हे, ते तेव्हा जे शिकले त्यानुसार.

पुढचं मी स्वतः पाहिलं. व्हिएतनामने नव्वदच्या दशकात मध्य पठारावर रोबस्टाची प्रचंड लागवड केली आणि जग मालाने भरून गेलं. 2001 च्या अखेरीस लंडनला रोबस्टा टनाला 500 डॉलरच्या खाली आणि न्यूयॉर्कला अरेबिका (कॉफीची दुसरी मुख्य जात) पौंडाला 50 सेंटच्या खाली होती. आमच्या गोदामात बॅगा छतापर्यंत रचलेल्या असायच्या आणि मालक येऊन नुसते बघून जायचे. धरून ठेवणाऱ्यांनी दोन-दोन वर्षांचा माल धरला होता. भाव आला नाही, माल मात्र पांढरट पडला. त्या वर्षांत लोकांनी दागिने मोडले, बागेला खत घातलं नाही, आणि त्या उपासमारीचा फटका झाडांनी पुढची कित्येक वर्षं दाखवला.

आणि आताची तेजीही मुख्यतः व्हिएतनामनेच आणली. 2021 सुरू झालं तेव्हा रोबस्टा 1,400 डॉलरच्या आसपास होती. त्या जुलैत ब्राझीलच्या अरेबिकाला हिमकडाका बसला. 2023-24 मध्ये एल निनोच्या वर्षी व्हिएतनामच्या पठारावर पाणी आटलं. तिथले बरेच शेतकरी आधीच कॉफी काढून ड्युरियन या फळाकडे वळले होते. ज्या व्यापाऱ्यांनी कमी भावात माल द्यायचे करार केले होते, त्यांच्यातले पुष्कळ जण माल देऊ शकले नाहीत. 2024 च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या अरेबिकाने 1977 पासूनचा उच्चांक मोडला आणि 2025 च्या फेब्रुवारीत पौंडाला चार डॉलर ओलांडले. रोबस्टा त्याच सुमारास साडेपाच हजार डॉलरच्या वर होती. मग ब्राझीलचं नवं पीक बाजारात आलं आणि जुलैत रोबस्टा 3,500 च्या खाली आली. तुमच्या सासऱ्यांनी नेमकी तीच वेळ गाठली. ऑगस्टमध्ये अमेरिकेने ब्राझीलच्या मालावर 50 टक्के आयातशुल्क लावलं तसा बाजार पुन्हा वळला, आणि महिनाअखेर रोबस्टा 4,500 च्या वर होती. नोव्हेंबरमध्ये अमेरिकेने कॉफीवरचं ते जादा शुल्क काढून टाकलं.

हे सगळं सांगण्याचं कारण एवढंच, की फेब्रुवारीत विकणारा आणि जुलैत विकणारा यांच्यातला फरक अकलेचा नव्हता. 27 वर्षं या धंद्यात राहूनही पुढच्या तीन महिन्यांचा भाव मला सांगता येत नाही, आणि जो सांगता येतो म्हणतो त्याच्यावर मी पैसे लावत नाही. भारताचं एकूण पीक साडेतीन-पावणेचार लाख टनांच्या घरातलं. ब्राझील आणि व्हिएतनामपुढे ते इतकं लहान आहे की आपण धरल्याने किंवा सोडल्याने जागतिक भाव हलत नाही. 2020-21 मध्ये सुमारे 72 कोटी डॉलरची आपली निर्यात 2024-25 मध्ये 180 कोटी डॉलरवर गेली, याचा गाजावाजा झाला. माल काही अडीचपट झाला नाही. वाढला तो भाव, आणि भाव आपण वाढवलेला नाही.

म्हणून माझा सल्ला असा. यंदाचा खर्च किती झाला तो आधी मांडा: तोडणीची मजुरी, खत, डिझेल, बँकेचं व्याज, घरखर्च. तेवढ्याचा माल तोडणी संपताच, मार्च-एप्रिलमध्येच विकून टाका, भाव काहीही असो. बहुतेक वर्षी हा निम्म्याच्या आसपास निघतो. उरलेल्याचे दोन भाग करा. एक भाग जून ते ऑगस्टमध्ये, ब्राझीलच्या हिवाळ्यात. हिमकडाक्याची नुसती अफवा उठली तरी बाजार उडतो, तेव्हा लोभ न धरता द्यायचा. दुसरा ऑक्टोबरच्या आत, व्हिएतनामची नवी तोडणी जोर धरण्यापूर्वी. त्यापुढे रोबस्टा चेरी घरात ठेवायची नाही. सालपटामुळे चेरी पार्चमेंटपेक्षा (साल-गर काढून आतल्या टरफलासकट वाळवलेल्या बियांपेक्षा) बरी टिकते हे खरं, पण कोडगूच्या पावसाळ्यात ती हवेतला ओलावा ओढतेच. शिखराचा भाव अशाने तुम्हाला कधीच पूर्ण मालावर मिळणार नाही, तळाचाही नाही. जुलै 2025 सारखा घाव मात्र पुन्हा बसणार नाही.

धरलेला माल कुठे ठेवता याकडे मला तुमचं कळकळीने लक्ष वेधायचं आहे. तिकडे एक पद्धत आहे: माल एजंटच्या किंवा क्युरिंग वर्क्सच्या गोदामात टाकायचा, भाव नंतर “फिक्स” करायचा. सोयीचं आहे, घरी चोरीची भीती नाही. पण पुष्कळदा तो माल टाकल्या दिवशीच पुढे विकला जातो आणि तुमच्या हातात राहतो फक्त त्या माणसाचा शब्द. भाव चढत गेला की तोच माल त्याला महागात परत घ्यावा लागतो, आणि तिथे माणसं बुडतात. मी स्वतः ज्या कचेरीत काम करत होते तिथे एका पुरवठादाराने शंभरेक बागायतदारांचा असा माल घेऊन हात वर केलेले पाहिले आहेत. त्यातल्या एका आजोबांनी माझ्या टेबलासमोर कागद पसरले होते. वहीच्या पानावर पेन्सिलीने लिहिलेले बॅगांचे आकडे, बाकी काही नाही. गोदामात ठेवायचाच तर छापील पावती घ्या, त्यावर मालकी तुमचीच राहील असं लिहून घ्या, लॉटचं वजन आणि उतारा नोंदवून घ्या, विमा कोणाचा आहे ते विचारा. यातलं काही मागितल्यावर समोरचा नाराज झाला तर तिथे माल ठेवू नका.

एजंट आणि निर्यातदार एवढे घाबरल्यासारखे का वागतात, तेही सांगते. निर्यातदार आज तुमच्याकडून माल घेतो, इटलीला दोन महिन्यांनी द्यायचा असतो. मधल्या काळात भाव पडला तर बुडू नये म्हणून तो लंडनच्या वायद्यात तेवढाच माल विकून ठेवतो. भाव चढला की तिथे रोज पैसे भरावे लागतात, त्याला मार्जिन म्हणतात. आणि मालाचे पैसे मात्र जहाज निघाल्यावरच. 2024 मध्ये भाव असा चढला की चांगल्या निर्यात पेढ्यांचीही बँकेतली कर्जमर्यादा या मार्जिनमध्ये संपली. त्यात 2023 च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं केप ऑफ गुड होपला वळसा घालून जाऊ लागली. दहा-पंधरा दिवस जास्त, भाडं जास्त, आणि तेवढे दिवस पैसे अडकलेले. म्हणजे भाव उंच असतानाच खरेदीदाराच्या हातात रोकड नसते. गावात भाव लंडनच्या मागे राहतो त्याचं हे एक खरं कारण आहे.

आता तुमच्या आवडीच्या प्रश्नाकडे: थेट इटलीला.

अडीचशे बॅगा, 26 चा उतारा, म्हणजे साडेसहा टन स्वच्छ बी. वीस फुटी कंटेनरमध्ये 60 किलोची 320 पोती मावतात, म्हणजे 19.2 टन. तुमचं सगळं पीक घातलं तरी कंटेनरचा एक तृतीयांश भरतो, आणि त्यातलं एबी तेवढंही नाही. आयात-निर्यात क्रमांक, कॉफी बोर्डाची निर्यातदार नोंदणी, परवाना आणि मूळ देशाचा दाखला, धुरी, वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र, हे सगळं करता येतं, त्यात अवघड काही नाही. अवघड आहे ते पुढचं. इटलीच्या रोस्टरला वर्षभर एकसारखा माल हवा असतो, नमुना एक आणि माल दुसरा असं एकदा झालं तरी तो परत विचारत नाही. आणि वाद झाला तर तुमचं अख्खं वर्ष त्या एका कंटेनरमध्ये असतं. एकट्याने हे करू नका, असंच मी सांगेन. आजूबाजूच्या पाच-सहा बागा मिळून एकाच पद्धतीने तोडून, वाळवून, एकाच क्युरिंग वर्क्समधून काढणार असाल तर वेगळी गोष्ट. पण ते जमायला माणसांचा मेळ लागतो, तो पुण्याहून फोनवर होत नाही.

पुण्यात असण्याचा तुमचा खरा उपयोग दुसरीकडे आहे. पुण्या-मुंबईत लहान रोस्टर वाढले आहेत आणि त्यांना बागेचं नाव सांगता येईल असा चांगला रोबस्टा हवा असतो. पहिल्या खेपेची फक्त पिकलेली फळं, तरंगणारी काढून, नीट वाळवलेली, अशा वीस बॅगा वेगळ्या ठेवा. त्यातून पाचशे किलो बी निघेल. नमुने घेऊन स्वतः रोस्टरांकडे जा. भाव बाजारापेक्षा बराच जास्त मिळू शकतो, आणि मिळाला नाही तरी त्या वीस बॅगा एजंट आनंदाने घेईल. एक गोष्ट आधी आपल्या सीएला विचारा. सुकी चेरी विकणं हे शेतीचं उत्पन्न. पण स्वतः क्युरिंग करून विकलं तर आयकराच्या नियमांप्रमाणे त्यातला 25 टक्के भाग धंद्याचं उत्पन्न धरला जातो, आणि भाजून-दळून विकलं तर 40 टक्के. जावयाने हौसेने ब्रँड काढायचा आणि सासऱ्यांना नोटीस यायची, असं नको.

युरोपचा नवा जंगलतोड कायदा तुम्ही विचारलेला नाही, पण तो तुमच्या दारात येणार आहे. आपल्या निर्यातीचा मोठा भाग युरोपला जातो आणि इटली पहिल्या क्रमांकावर आहे. 31 डिसेंबर 2020 नंतर जंगल तोडून लावलेल्या जमिनीवरचा माल तिथे चालणार नाही, आणि माल कोणत्या जमिनीवरचा हे नकाशातल्या अक्षांश-रेखांशाने दाखवावं लागेल. अंमलबजावणी दोनदा पुढे ढकलली गेली. आता मोठ्या कंपन्यांसाठी 30 डिसेंबर 2026 ही तारीख आहे. भारत कमी जोखमीच्या देशांत आहे, त्यामुळे तपासणी सौम्य राहील, पण नकाशा द्यावाच लागेल. चार हेक्टरपर्यंतच्या तुकड्याला एक बिंदू पुरतो. तुमचे 14 एकर म्हणजे साडेपाच हेक्टरच्या वर. सलग तुकडा असेल तर पूर्ण सीमारेषा लागेल. कॉफी बोर्डाने नोंदणी सुरू केली आहे. सासऱ्यांना मोबाइल घेऊन हद्दीवरून फिरवा, जमिनीची कागदपत्रं जुळतात का पाहा. कोडगूत जम्मा, म्हणजे वंशपरंपरेने आलेल्या, जमिनीचे कागद अजून आजोबांच्या नावावर असणं सर्रास आहे, आणि ते सरळ करायला वेळ लागतो. तारीख जवळ आली की नकाशासह मिळणारा माल आणि बिननकाशाचा माल यांचे भाव वेगळे निघतील अशी माझी अटकळ आहे.

त्याच ओघात, फवारणीची नोंद ठेवा. क्लोरपायरिफॉस या कीटकनाशकाची सवय आपल्याकडे जुनी आहे. युरोपने त्याची मर्यादा किलोला 0.01 मिलिग्रॅमवर आणली आहे. एका बागेतल्या चुकीने अख्खा कंटेनर अडकतो, आणि तेव्हा कोणाची बाग ते शोधायला सगळे धावतात.

तेजीतला पैसा कुठे घालावा हेही तुमच्या सासऱ्यांनी विचारल्याचं लिहिलंत. पहिलं, कर्ज. कॉफीच्या बागा शेतजमीन धरायच्या की नाही या वादात कर्नाटकातल्या कित्येक बागायतदारांना सरफेसी या बँकांच्या कर्जवसुलीच्या कायद्याखाली लिलावाच्या नोटिसा आल्या, त्यावर आंदोलनं झाली. भाव चांगला असताना बँकेचा बोजा उतरवा. दुसरं, पाणी. रोबस्टाच्या कळ्या फुलायला फेब्रुवारी-मार्चमध्ये इंच-दीड इंच पाऊस लागतो, त्याला तिकडे ब्लॉसम शॉवर म्हणतात, आणि पंधरा-वीस दिवसांनी फळ धरायला दुसरा, बॅकिंग शॉवर. पहिला आला आणि दुसरा चुकला तर वर्ष हातचं जातं. शेततळं आणि स्प्रिंकलर असेल तर हे दोन पाऊस तुम्ही स्वतः पाडू शकता. रोबस्टाच्या बागेत पैशाचं याहून चांगलं दुसरं काम मला माहीत नाही. तिसरं, मिरी. सावलीच्या झाडांवर वेल चढवलेले नसतील तर चढवा. 2001 मध्ये ज्यांच्याकडे मिरी होती त्यांनी दागिने मोडले नाहीत. आणि सावली तोडू नका. भाव चढल्यावर जास्त ऊन, जास्त पीक या नादाने जुनी झाडं पाडून सिल्व्हर ओक लावलेल्या बागा मी पाहिल्या आहेत. इटलीचा माणूस आपल्याला लंडनच्या भावावर जे जास्त देतो ते या सावलीसाठीही देतो.

या आठवड्यात करायचं काम एवढंच: गोदामातल्या प्रत्येक राशीतून किलोभर नमुना वेगळ्या पिशवीत भरा, पिशवीवर तोडणीची तारीख आणि बागेचा तुकडा लिहा, आणि जवळच्या क्युरिंग वर्क्समध्ये किंवा कॉफी बोर्डाच्या कार्यालयात विचारून उतारा आणि ओलावा तपासून घ्या. ते आकडे हातात आले की इथे लिहा, मग कोणती रास आधी विकायची ते सांगते.